तोच घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

जत्रांचा हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीकडच्या तालमींत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "घोटा जरा दुखतोय, पण लढतो." गावोगावी कुस्त्यांचे फड लागतात, इनामं जाहीर होतात, आणि ज्याचा पाय गेल्या महिन्यात मुरगळला होता तोही लांग कसून उतरतो. कराड, विटा, तासगाव, सातारा इथल्या कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या क्लासमध्येही हेच चालतं. तिथे इनामाऐवजी बेल्टची परीक्षा किंवा जिल्हा स्पर्धा असते, एवढाच फरक.

पाय एकदा मुरगळणं समजू शकतो, अंगाला अंग भिडणारा खेळ आहे. कोड्यात टाकतं ते पुढचं. महिन्याभराने तोच घोटा पुन्हा जातो, त्याच बाजूला, आणि या वेळी समोर जोडीदारही नसतो. तालमीतल्या मातीच्या हौदाच्या कट्ट्यावरून उतरताना, नाहीतर गाडी स्टँडवर लावताना पाय वळतो. मग निदानं सुरू होतात. ह्याचा घोटाच नाजूक, खुराक कमी पडतोय, नजर लागली. नाजूक घोट्याची माणसं असतात, नाही असं नाही, पण थोडी. बाकीच्यांचा घोटा अर्धवट बरा झालेला असतो. तो कुठे अर्धवट राहिला ते बाहेरून दिसत नाही आणि एक्स-रेतही दिसत नाही, म्हणून हा घोळ होतो.

घोट्यात असतं काय, फाटतं काय

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, या दोघांची खालची टोकं म्हणजे घोट्याचे दोन उंचवटे. हात लावून बघा, बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा थोडा खाली उतरलेला लागेल. या दोघांच्या बेचक्यात एक छोटं हाड बसतं आणि उभं राहिलं की अख्ख्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. गंमत म्हणजे या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं मोठं काम लिगामेंट करतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी. ती थोडीच ताणते. त्यापुढे गेलं की तिचे धागे तुटतात.

आतल्या बाजूची पट्टी रुंद आणि जाड आहे. बाहेरच्या बाजूला तीन वेगळ्या पट्ट्या आहेत, त्यांतली पुढची सगळ्यांत कमजोर. शिवाय बाहेरचा उंचवटा खाली उतरलेला असल्याने पाऊल बाहेर वळायला अडतं आणि आत सहज वळतं. म्हणून तळवा आत वळून घोट्याची बाहेरची बाजू जाणं हाच नेहमीचा प्रकार. त्यात टाच उचललेली असेल तर धोका वाढतो. बेचक्यातलं ते हाड मागच्या बाजूला अरुंद आहे. टाच उचलली की हा अरुंद भाग बेचक्यात येतो आणि सांध्याची पकड सैल होते.

आता आपल्या खेळांत टाच कधी उचललेली असते? जवळपास सारखीच. कुस्तीत समोरच्याचा पट काढायला झेपावताना, ढाकेचा डाव लावायला वळताना, समोरच्याने उचलून टाकल्यावर पाय टेकताना, तायक्वांदोत लाथ मारताना खालच्या पायाच्या चवड्यावर फिरताना. ज्युदोत तर पाय झाडायचा डावच घोट्यापाशी लागतो. वेळ साधली तर समोरचा अलगद पडतो. वेळ चुकली आणि त्याचा भार त्या पायावर आलेला असला, तर पडण्याऐवजी त्याचा घोटा मुडपतो. नवख्या पोरांच्या जोड्यांत हे जास्त होतं, कारण वेळ साधणं सगळ्यांत शेवटी येतं.

दुखापतीच्या तीन पायऱ्या धरतात : पट्टी नुसती ताणली, अर्धी फाटली, पूर्ण तुटली. पुढचं सगळं तिन्हींना लागू आहे, फक्त वेळ कमी-जास्त लागतो.

"सूज उतरली की. आता काय राहिलं?"

दोन गोष्टी राहतात.

पहिली म्हणजे पट्टी अजून कच्ची असते. फाटलेल्या जागी पहिले काही दिवस सूज, रक्त, साफसफाई चालते. नंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे धागे तयार होतात, पण ते वेडेवाकडे आणि कमी ताकदीचे. त्यांना योग्य दिशा आणि जोर यायला पुढे कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. दुखणं मात्र साध्या मुरगळीत आठ-पंधरा दिवसांत जातं. म्हणजे दुखणं थांबतं तेव्हा दुरुस्ती जेमतेम सुरू झालेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. डोळे मिटून पाऊल आत-बाहेर वळवा. ते कुठल्या कोनात आहे हे न बघता कळतं. या जाणिवेला डॉक्टर प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. आपण तिला घोट्याचं भान म्हणू. ते येतं कुठून? लिगामेंट, सांध्याचं वेष्टण, स्नायू आणि कातडी यांत असलेल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांतून. पाऊल किंचित कलंडलं की ही टोकं वर खबर देतात आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल सावरतात. लिगामेंट फाटते तेव्हा तिच्यातली ही टोकंही फाटतात.

सांगलीकरांना हे चटकन समजेल. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. घरात पाणी शिरण्याआधी माणसं सामान माळ्यावर चढवतात ती या आकड्यांच्या भरवशावर. आता समजा पुरात पडलेली भिंत तुम्ही पुन्हा बांधली, पण पुलापाशी पातळी बघणारंच कुणी उरलं नाही. भिंत उभी आहे, सामान हलवणारे हातही आहेत, पण त्यांना कळेपर्यंत पाणी उंबऱ्याच्या आत. सूज उतरलेला घोटा या अवस्थेत असतो.

वेळेचं गणितही बघा. घोटा मुरगळायला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळ पुरतो. स्नायूला खबर मिळून त्याने जोर धरेपर्यंत खेळ संपलेला असतो. मग धडधाकट माणसाचा पाय रोज का मुरगळत नाही? कारण त्याचा मेंदू पाय टेकायच्या आधीच अंदाज घेऊन स्नायू ताणून ठेवतो. जखमी घोट्याकडून चुकीची किंवा उशिरा माहिती येऊ लागली की हा अंदाजच बिघडतो, आणि तो आपोआप पूर्ववत होईलच असं नाही. त्याला सराव द्यावा लागतो.

मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थितज्ज्ञाने १९६५ साली हे मांडलं. पाय सारखा दगा देतो म्हणणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा सांधा तपासला तर फारसा सैल नसायचा. तेव्हा दोष नुसत्या पट्टीत नसून तिच्यातल्या मज्जातंतूंतही असावा असं त्याने म्हटलं, आणि उपाय म्हणून डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायचे व्यायाम दिले. पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे हा सारखा दगा देणारा घोटा मिळतो, आणि पुन्हा मुरगळण्याचं सगळ्यांत मोठं कारण कुठलं, तर आधी मुरगळलेला असणं.

पहिले दोन-तीन दिवस : बर्फ, शेक आणि आंबेहळद

पाय मुरगळला की घरात तीन मतं होतात. आई म्हणते आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लाव, मित्र म्हणतो बर्फ लाव, आणि शेजारचे काका म्हणतात गरम पाण्याचा शेक देऊन चोळून घे.

काकांचं ऐकू नका, निदान पहिले तीन दिवस तरी. आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या अजून मिटलेल्या नसतात. शेकाने आणि रगडण्याने सूज वाढते. बर्फाने दुखणं कमी होतं, एवढाच त्याचा खात्रीचा उपयोग. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्याने जखम लवकर भरते असं मात्र नाही. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी १९७८ साली लोकप्रिय करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर करू शकतात. क्रेप बँडेज आणि उशीवर पाय, हे दोन्ही ठेवा. लेपाचं म्हणाल तर कातडी फाटलेली नसेल तर खुशाल लावा, नुकसान नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिच्याबद्दल वाईट कोण बोलेल? पण कातडीवरून लावलेला लेप लिगामेंटचे धागे जोडत नाही. लेप लावलाय म्हणून बाकी काही करायचं नाही, ही खरी अडचण आहे.

हाडवैद्याकडे नेण्याबद्दल एकच सांगतो. मोडलेलं नाही याची खात्री होण्याआधी घोट्याला हिसका देऊ देऊ नका. हात कितीही सराईत असला तरी चिरलेलं हाड हिसक्याने सरकू शकतं.

पूर्ण अंथरुणही धरू नका. दुखणं सोसवेल तितका भार टाकत चालायला लागणं, पाऊल वर-खाली हलवणं, हे साध्या मुरगळीत दोन-तीन दिवसांतच सुरू करता येतं. अनेक आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवलेला घोटा बहुधा आखडून आणि बारीक होऊन बाहेर येतो. पट्टी पूर्ण तुटली असेल तर डॉक्टर थोडे दिवस बांधून ठेवतात, तेवढं ठीक.

"एक्स-रे काढला, काही निघालं नाही"

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. "काही निघालं नाही" याचा अर्थ हाड मोडलं नाही, इतकाच.

उलट प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागतोच असंही नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम तयार केले, ते आज जगभर वापरतात. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांपैकी कुठल्याही हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकाला दाबल्यावर दुखत असेल (खालचे सहा सेंटिमीटर तपासायचे), किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड बाहेर येतं तिथे, अथवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीवरच्या हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

लहान मुलांचं वेगळं. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात आणि त्या लिगामेंटपेक्षा आधी दगावू शकतात. क्लासमधल्या दहा-बारा वर्षांच्या पोराचा घोटा हाडावर दुखत असेल तर "उद्या बघू" नको. लहान वयात, आणि मुलांपेक्षा मुलींत, घोटा मुरगळण्याचं प्रमाण मुळातच जास्त दिसतं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, आणि तेव्हापासून कुस्तीच्या गादीवर मुली दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. त्यांचे घोटे बघणारं माणूस तालमीत आहे का, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावं.

आणखी एक फसवी दुखापत आहे. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये असतं आणि पाऊल बाहेर वळवलं की वाढतं. बूट गादीला चिकटून राहिला आणि अंग फिरलं की असं होतं. सूज कमी असते म्हणून लोक हलक्यात घेतात, पण बरं व्हायला साध्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. मिरज हाकेच्या अंतरावर असताना आपल्याकडे अस्थिरोगतज्ज्ञ मिळत नाहीत अशी तक्रार तरी करता येणार नाही.

मग करायचं काय?

महागडं काही नाही. एक सायकलची जुनी ट्यूब, घराची पायरी, भिंत आणि झोपायची गादी. जड भाग आहे तो नेटाचा.

आधी सांध्याची हालचाल परत आणा. भिंतीसमोर अनवाणी उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पाऊल हळूहळू मागे न्यायचं आणि अंगठा भिंतीपासून किती दूर असताना गुडघा अजून टेकतो ते मोजायचं. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा आखडलेला आहे. असा घोटा खोल बसताना टाच उचलतो, आणि टाच उचलल्यावर काय होतं ते वर आलंच आहे.

मग ताकद. ट्यूबचं एक टोक खाटेच्या पायाला, दुसरं पावलाला, आणि पाऊल बाहेरच्या दिशेला ओढायचं, सावकाश परत आणायचं. पाऊल सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू यात कामाला लागतात. त्याच्या जोडीला पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहून टाच वर-खाली. इथे एक गोष्ट तालमीतल्या गड्यांना मुद्दाम सांगायची आहे. रोज पाचशे बैठका मारणारा पैलवान म्हणतो, "माझ्या पायात ताकद कमी कशी असेल?" बैठक दोन पायांवर असते. दुखरा पाय त्यात हळूच अंग काढून घेतो आणि चांगला पाय त्याचा वाटा उचलतो. मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एका पायावर टाच उचलायला सांगा. चांगल्या पायावर सहज पंचवीस होतात आणि दुखऱ्यावर बारा-पंधराला थरथर सुरू होते. सपाट्या, जोर, दोन पायांच्या उड्या या सगळ्यांना हेच लागू. दुखऱ्या पायाला एकटं गाठल्याशिवाय त्याची खरी अवस्था कळत नाही.

तिसरा भाग तोलाचा. हाच लोक सोडतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा आहे. सुरुवात एका पायावर अनवाणी तीस सेकंद उभं राहण्यापासून. जमलं की डोळे मिटून. डोळे मिटले की नजरेचा आधार जातो आणि सगळा भार घोट्याच्या भानावर पडतो. पहिल्या दिवशी पाच सेकंदांत पाय खाली टेकला तर हिरमुसू नका. डोळे मिटून करताना भिंत हाताशी असावी. मग झोपायच्या गादीवर किंवा उकरलेल्या लाल मातीत. मग एका पायावर उभं राहून जोडीदाराने टाकलेला चेंडू झेलायचा, म्हणजे लक्ष दुसरीकडे असताना घोटा स्वतःचं काम स्वतः करायला लागेल. लढताना कुणी घोट्याकडे लक्ष देत नाही, त्यामुळे हा टप्पा वगळून चालत नाही. त्यानंतर एका पायावर छोट्या उड्या, आधी सरळ, मग आडव्या, मग तिरक्या. टेकल्यावर दोन सेकंद हलायचं नाही. शेवटी तुमचा डाव, आधी एकट्याने, मग नरम जोडीदाराबरोबर, मग पूर्ण जोराने.

याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळलेला होता. नेहमीचे उपचार सगळ्यांनी घेतले. निम्म्यांना त्यावर घरच्या घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीनदा, जास्तीत जास्त अर्धा तास, आठ आठवडे. कुणी शेजारी उभं राहून करून घेत नव्हतं. वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा गेला, दिलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. म्हणजे शंभरातले अकरा वाचले, फुकटात. बावीस जणांचा तरीही गेलाच, हेही डोळ्यांआड करू नये.

"पट्टा बांधला की काम भागतं"

थोडं भागतं. घोटा एकदा मुरगळलेल्यांनी खेळताना लेस असलेला घोट्याचा पट्टा किंवा टेप वापरली तर पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पट्ट्याने घोटा आळशी होतो ही भीती फारशी खरी ठरलेली नाही, पण पट्टा बांधून व्यायामाला सुट्टी दिली तर तसं होणारच. दुखापतीनंतर सरावात आणि स्पर्धेत सहा महिने ते वर्षभर तो वापरायला हरकत नाही.

पांढरी कडक टेप लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की घाम आणि हालचालीने ती वीस-तीस मिनिटांत बरीच सैल पडते. सकाळी लावलेली टेप दुपारच्या लढतीला नुसती शोभेची. धातूचे किंवा टणक भाग असलेला पट्टा कुस्ती-ज्युदोत चालत नाही, तेव्हा कापडी घ्या.

लढतीआधी दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उतरणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. जी थोडीफार खबर येत होती, तीही बंद.

माती बरी की गादी?

या वादाला आपल्याकडे मान आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या मॅटवर लढून सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्याच मॅटवर ब्राँझ मिळवलं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. २०२२ ला साताऱ्यात ते दोन्ही पाहायला मिळाले.

घोट्यापुरतं बोलायचं तर दोन्हींचे धोके वेगळे आहेत. माती नीट खणून, पाणी-ताक-तेल देऊन भुसभुशीत ठेवली तर पडणं सोसतं, पण पाऊल रुतलेलं असताना अंग फिरलं की घोटा पिळतो. न खणलेली माती वाळून टणक होते आणि मध्ये खड्डे राहतात, ते सगळ्यांत वाईट. गादीवर बुटाची पकड जास्त. क्लासमध्ये जोडून टाकलेल्या तुकड्यांच्या फटी ही वेगळीच आफत; पायाची बोटं फटीत, अंग पुढे. सराव सुरू करण्याआधी त्या फटी पायाने दाबून बंद करायला एक मिनिट लागतं.

त्याहून मोठं कारण मला गर्दी वाटतं. एका छोट्या हॉलमध्ये तीस पोरं एकाच वेळी जोड्या करतात. शेजारची जोडी पडते ती तुमच्या उभ्या पायावर. तुमची काही चूक नसते, डाव बरोबर असतो, आणि घोटा जातो. निम्म्यांना बाहेर बसवून पाळीपाळीने जोड्या लावल्या तर कुठल्याही पट्ट्यापेक्षा जास्त घोटे वाचतील असं मला वाटतं. बाहेर बसलेली पोरं तेवढ्या वेळात एका पायावर उभी राहू शकतात.

"जत्रा पंधरा दिवसांवर आलीय"

तारखेवरून ठरवू नका, पायावरून ठरवा. एका पायावर तीस सेकंद, डोळे उघडे आणि मिटलेले, दुसऱ्या पायाइतकंच स्थिर जमतंय का? टाचा दुसऱ्या पायाइतक्या होतात का? भिंतीच्या चाचणीत फरक दोन सेंटिमीटरच्या आत आला का? एका पायावर पुढे उडी मारून न डगमगता थांबता येतं का, आणि ती उडी चांगल्या पायाच्या जवळपास लांब जाते का? सरावात पूर्ण जोराने लढून दुसऱ्या दिवशी सकाळी सूज येत नाही ना? पाचही उत्तरं होकारार्थी असतील तर लढा. एखादं नाही असेल तर ही जत्रा बघायला जा. हलक्या मुरगळीत दोन-तीन आठवड्यांत इथवर येता येतं, मोठ्या फाटीत दोन-तीन महिने धरा. आणि आखाड्यात परतलात म्हणून तोलाचा सराव थांबवू नका. आठ आठवडे पुरे होऊ द्या.

"आमच्या वेळेला हे चोचले नव्हते"

वस्तादांचा हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. जुना पैलवान पहाटे स्वतः हौद खणायचा, अनवाणी माती तुडवायचा, शेतातल्या ढेकळांतून चालायचा. त्याच्या घोट्याला रोज उंचसखल जमीन मिळत होती. वेगळा तोलाचा व्यायाम न सांगता होत होता. आजचं पोरगं बूट घालून गाडीवर येतं, सपाट गादीवर सराव करतं आणि गाडीवर परत जातं. जे सहज मिळत होतं ते आता ठरवून द्यावं लागतं. शिवाय त्या वेळी ज्यांचा घोटा कायमचा गेला ते तालीम सोडून शेतीला लागले. त्यांची गोष्ट सांगायला तालमीत कुणी उरलं नाही.

"माझा घोटा दहा वर्षांपासून असाच आहे"

तरीही सुरुवात व्यायामानेच करा. सारखा दगा देणाऱ्या जुन्या घोट्यालाही तोल आणि ताकदीच्या सरावाने फरक पडतो. तीन ते सहा महिने मनापासून करूनही पाय वळतच असेल तर तज्ज्ञाला दाखवा. सांध्याच्या आत खोल दुखत असेल, मध्येच अडकत असेल, किंवा प्रत्येक सरावानंतर सूज येत असेल तर तेवढंही थांबू नका. बेचक्यातल्या हाडावरच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते, आणि ती एमआरआयमध्ये दिसते. घोट्याची झीज ही गुडघ्यासारखी नुसत्या वयाने फारशी येत नाही, ती बहुतेक वेळा जुन्या दुखापतीतून येते.

शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवर येते. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत थोडे बदल करून आजही वापरतात : तुमचीच सैल पडलेली लिगामेंट आखडून हाडाला पुन्हा शिवतात. बहुतेकांना त्यानंतर खेळता येतं, काही महिन्यांनी. मात्र शिवलेल्या पट्टीला भान शिवून मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे संपले की फिजिओथेरपिस्ट जो कागद हातात देतो, त्यावर ट्यूब, पायरी आणि एका पायावर तीस सेकंद हेच लिहिलेलं असतं.